वाहन क्रमांकाच्या जागी 'सायकल'

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी मुख्यतः मोटार अपघाताचे दावे चालवतो. त्या सकाळी एक बाई दिराला घेऊन आल्या. पिशवीत एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट. नवरा वॉचमन. रात्रपाळी संपवून गंगापूर रोड ओलांडताना धडक बसली, डोक्याला मार लागला, तिसऱ्या दिवशी गेले.

सवयीने मी आधी गाडीचा नंबर शोधला, कारण नंबरावरून पॉलिसी सापडते. तिथे लिहिलं होतं, 'सायकल'. सराव करणारा कॉलेजचा मुलगा, उतारावर भरधाव.

पोलिसांनी लावलेलं कलम बरोबर होतं, भारतीय न्याय संहितेचं १०६(१). जुन्या दंड संहितेच्या ३०४अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती, १ जुलै २०२४ पासून पाच झाली. वाहनाला इंजिन आहे की पायडल, हे कलम विचारत नाही. निष्काळजीपणाने माणूस गेला, एवढं पुरतं. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे मुलगा घरी होता.

"पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते," मी म्हणालो.

"तो आत गेला तर माझ्या पोरीची फी कोण भरणार, साहेब?"

याचं उत्तर देताना माझी जीभ जड झाली. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो मोटार वाहनाला. धडक मोटारसायकलची असती, तर मोटार अपघात दावा प्राधिकरणात विमा कंपनीला उभं करता आलं असतं. एखादी गाडी उडवून पळाली आणि सापडलीच नाही, तरी वारसांना सरकारी योजनेतून २ लाख मिळतात. हा मुलगा तर पळालाही नव्हता, त्यानेच रिक्षा थांबवून त्यांना दवाखान्यात नेलं होतं. आणि या बाईंसाठी ना प्राधिकरण, ना योजना. हे मला अन्यायाचंच वाटतं. माणूस कोणत्या चाकाखाली गेला, यावर त्याच्या घरच्यांची भाकरी ठरू नये.

उरतो १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा. त्याखाली दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा लावायचा, निष्काळजीपणा आपणच शाबित करायचा. हुकूमनामा झाला तरी वसुली कुणाकडून, तर शिकणाऱ्या पोराकडून. हे सगळं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. दीर उठायला लागले.

बाई बसूनच राहिल्या. "लावा," म्हणाल्या.

वकीलपत्रावर सही घेतली. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. ती तारीख डायरीत लाल शाईने लिहिली आणि पगाराच्या पावत्या आणायला सांगितल्या.