धूर नव्हता, तरी मीटर वाजलं

कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचं मीटर वाजायला लागलं तेव्हा घरात डोळ्याला धूर दिसतच नव्हता, आणि हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलेय.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. आम्ही चुली आणि धुराडी बनवतो, टेस्टिंग आणि जागेवर जाऊन फिटिंग करणं हे माझं काम. चुलीत इंजिनिअरचं काय काम, तीन दगड मांडले की झालं, असं खूप लोक म्हणतात आणि मग घोडबंदर रोडवरून फोन येतो की महाबळेश्वरच्या बंगल्यात हिवाळ्यासाठी मल्टीफ्युएल, म्हणजे लाकूड आणि कोळसा दोन्ही चालणारा स्टोव्ह बसवायचाय, युरोपचा आहे, कमी धुराचा आहे, 2022 पासून तिकडे लागू झालेल्या इकोडिझाइनच्या नियमात बसतो. मी पहिला प्रश्न विचारते, जाळणार काय? कारण कोळशाला खालून, जाळीतून हवा लागते आणि लाकूड राखेच्या थरावर वरून हवा दिली की छान जळतं, म्हणजे मल्टीफ्युएल म्हणून घेतलेला स्टोव्ह दोन्हीसाठी सारखाच चांगला असेल असं नाही. आणि लाकूड ओलं असेल तर लेबल कुठलंही असू दे, काच काळी होणार आणि धुराड्यात काजळी धरणार. इंग्लंडमध्ये तर 1 मे 2021 पासून छोट्या मापात विकायच्या लाकडात 20 टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालतच नाही, कायदाच आहे. म्हणजे त्यांनी स्टोव्हवर नियम केला तसा लाकडावरही केला. आपल्याकडे लाकडाबद्दल कोणी बोलतच नाही.

तर केस अशी. एका कंपनीला सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या पैशातून, ठाण्याजवळच्या येऊरच्या एका पाड्यावर कमी धुराच्या चुली वाटायच्या होत्या. सगळ्या घरांना एकच मॉडेल, कारण खरेदीला ते सोपं जातं. मॉडेल आम्ही निवडून द्यायचं. मी तीन चुली टेम्पोत घातल्या, सोबत ओल मोजायचं मीटर, धुळीच्या कणांचं मीटर आणि कार्बन मोनॉक्साइडचं म्हणजे सीओचं मीटर, आणि कंपनीचे एक सर, फोटोसाठी. महिना जुलै. मीच हट्टाने जुलै निवडला होता, कारण मार्चमध्ये कुठलीही चूल चांगलीच जळते.

पहिली पंख्याची चूल. स्टीलचा डबा, त्यात छोटे तुकडे उभे भरायचे आणि वरून पेटवायचं, खालून नाही. आग वरून खाली सरकत जाते, खालून थोडी हवा येते त्यात लाकडातला गॅस सुटतो आणि वरच्या भोकांतून पंख्याने सोडलेल्या हवेत तो गॅस जळून जातो. नीट चालली की बघत राहावं अशी ज्योत असते, टोपाच्या बुडाला काजळी नाही की काही नाही. दुसरी रॉकेट चूल, पंखा नाही, एल आकाराचं तोंड, आतून इन्सुलेशन, लांब काटकी पुढे सरकवत राहायची. तिसरी आमची स्वतःची, जागेवर बांधायची, दोन भांड्यांची, म्हणजे पुढे चूल आणि मागे वैल, खाली जाळी आणि मागून धुराडं.

वर्कशॉपमध्ये पंख्याची चूल बाकी दोघींच्या पुष्कळ पुढे होती. कागदावरही तसंच आहे. चुलींसाठी आपलं आयएस 13152 हे मानक आहे, 2013 चं. त्यात साध्या चुलीला किमान 25 टक्के कार्यक्षमता आणि पंख्याच्या चुलीला 35 टक्के. कणांची मर्यादा साधीला 350 मिलिग्रॅम, पंख्याची असेल तर 150, भांड्याला मिळालेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे. सीओची मर्यादा मात्र दोघींना सारखीच, 5 ग्रॅम. ही शेवटची ओळ कोणी वाचत नाही. मी सरांना गाडीत वाचून दाखवली होती, ते हो हो म्हणाले.

घर म्हणजे कारवीचा कूड, वर कौलं, कौलांवर ताडपत्री, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून कुडालाही आतून प्लास्टिक लावलेलं. उन्हाळ्यात या घरातून वारा आरपार जातो, पावसाळ्यात मात्र ते बरणीसारखं बंद होतं. आजी, त्यांची सून (मी त्यांना वहिनी म्हणते) आणि झोळीत वर्षाचं पोर. मुलगा तिथल्याच एका बंगल्यावर वॉचमन. कोपऱ्यात उज्ज्वलाचा सिलिंडर होता, चहाला आणि पाहुण्यांना वापरायचा. भरून आणायचे पैसे आणि वरून रिक्षाचं भाडं, म्हणून रोजचा स्वयंपाक सरपणावरच. यावर सर म्हणाले की या लोकांना गॅसची सवयच लावून घ्यायची नाहीये, आणि मला फार राग आला. वहिनी समोरच उभ्या होत्या.

सरपण वळचणीला रचलेलं, वरची रांग चिंब. मी एक लाकूड फोडून आतल्या ताज्या भागात ओल मोजायच्या मीटरच्या पिना टोचल्या (बाहेरून टोचून काही कळत नाही), आकडा आला 38. हे मीटर कोरड्या वजनावर टक्के दाखवतं, म्हणजे किलोभर लाकडात पाव किलोपेक्षा जास्त पाणीच. ते पाणी आधी वाफ होऊन जाणार, त्यात उष्णता जाणार, ज्योत थंड पडणार आणि थंड ज्योतीत धूर जळत नाही, तो तसाच बाहेर पडतो. चूल कितीही भारी घ्या, हे चुकत नाही.

पंख्याच्या चुलीसाठी बोटभर तुकडे लागतात. आजी कोयत्याने तोडत बसल्या, बराच वेळ, आणि मग वहिनींनी विचारलं की हे रोज कोण करणार, मी तर सकाळी सातला कामाला जाते. सरांनी ते ऐकलंच नाही. चुलीखाली ठेवलेले त्यातल्या त्यात कोरडे तुकडे निवडून भरले, वरून पेटवलं, पहिली पाच मिनिटं जरा धूर झाला आणि मग खरंच धूर गेला. कणांच्या मीटरचा आकडा धडाधड उतरला. पावसाळी हवेत हे मीटर जरा जास्तच दाखवतं, कण ओलावा पिऊन फुगतात, तरी उतरला. भात झाला, डाळ झाली. सरांनी फोटो काढले, व्हिडिओ काढला, ऑफिसला फोनही लावला की फायनल झालं.

मग भाकरी. तांदळाची भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजली की चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यावर उभी धरतात, तेव्हा ती फुगते. आजी भाकरी हातात धरून त्या डब्याभोवती फिरल्या आणि मला म्हणाल्या, "बाय, उभी कुठं करू?" डब्याला तोंडच नाही. निखारे आत, वीतभर खोल. वर्कशॉपमध्ये आम्ही पाणी उकळून टेस्ट घेतो, मानकातही पाणीच तापवायचं असतं, भाकरी कुठेच नाही.

तोपर्यंत डब्यातली ज्योत संपली होती, लाकडातला गॅस जळून गेला होता आणि खाली नुसता लालभडक कोळसा उरला होता. आजींनी चिमट्याने ते निखारे काढले, पत्र्याच्या तुकड्यावर जमिनीवर पसरले आणि भाकरी त्यांना टेकवून उभी केली. टम्म फुगली. त्याच वेळी झड आली, झोळीवर पाणी उडायला लागलं म्हणून वहिनींनी दार ओढून घेतलं.

आणि सीओचं मीटर वाजलं. माझ्याकडचा अलार्म 35 पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 35 भाग सीओ झाला की वाजेल असा लावलेला आहे. बघता बघता 60, 80, मग 100 च्या पुढे. डब्ल्यूएचओच्या हिशेबाने तासभरासाठी साधारण 30 पीपीएम ही हद्द. मी दार उघडलं, झोळीतलं पोर उचललं आणि पडवीत आले, वहिनींना म्हटलं तुम्ही पण बाहेर या, आजींना हाताला धरून आणलं. सर आतच उभे, म्हणाले, "मॅडम, मीटर खराब असेल, धूर कुठेय?"

हेच तर आहे. निखाऱ्याला धूर नसतो. सीओला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धुराची चूल असती तर आजी खोकल्या असत्या आणि दार आपोआप उघडलं असतं, त्या शंभर वेळा तसं उघडतात. सर काही वाईट माणूस नाहीत, पण जे डोळ्याला दिसतं त्यावरच त्यांचं सगळं चालतं, आणि या क्षेत्रात माझ्या पाहण्यातले नव्वद टक्के लोक असेच आहेत.

दुपारी रॉकेट चूल लावली. लांब काटक्या चालल्या, वहिनींना आवडली, पण ओल्या लाकडाने धूर झालाच आणि जो झाला तो घरातच राहिला. म्हणजे धुराडं हवं. आत आग चांगली जळायला हवी आणि उरलेलं वर जायला हवं, दोन्ही पाहिजे. नुसतं धुराडं लावून घाणेरडी आग बाहेर सोडली तर शेजारच्या घरात जाते, घरं काय दोन-दोन हातांवर आहेत.

पण धुराड्याला इथे जुना इतिहास आहे. सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983-84 मध्ये सुरू झाला आणि 2002 मध्ये बंद पडला, त्या काळातली एक चूल पाड्यावरच्या दुसऱ्या एका घरात अजून आहे. आजी स्वतः घेऊन गेल्या दाखवायला. पाइपच्या तोंडात फडकं कोंबलेलं. पाऊस पाइपच्या कडेने आत गळायचा आणि काजळी साफ करायला कोणी शिकवलंच नव्हतं, मग धूर उलटा घरात. चूल बांधून आकडा मोजला आणि माणसं निघून गेली.

म्हणून मी धुराड्याच्या ड्रॉइंगवर एवढा जीव काढते. चार इंची पाइप, सरळ वर, कोपरा शक्यतो नाहीच, कारण प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. बुडाशी टी जॉइंट आणि त्याला काढता येणारं झाकण, म्हणजे काजळी तिथेच खाली पडते, शिडी लावून कौलांवर चढायला नको. कौलातून जाताना बाहेरून दुसरी मोठी नळी, मध्ये मोकळी जागा, कारण ताडपत्री आणि बांबू गरम पाइपला टेकले तर घरच पेटेल. वर पत्र्याची तिरकी कॉलर, कौलाच्या रांगेखाली सरकवलेली, पाणी तिच्यावरून वाहून जाईल अशी. आढ्यापासून दोन फूट वर तोंड, त्यावर टोपी. चुलीचं तोंड मात्र रुंद ठेवलंय, पुढे निखारे ओढायला ओटा, आणि तो ओटा धुराड्याच्या ओढीतच येतो, म्हणजे भाकरी उभी राहील आणि निखाऱ्याचा सीओ आत ओढला जाईल. वर्कशॉपमध्ये तसा ओटा करून मीटर ठेवून बघितलं, चांगला फरक पडतो.

आजींना हे सगळं पटलं, फक्त एक सोडून. त्यांनी वर बोट दाखवलं. चुलीवरच्या माळ्याला भाताचं आणि वालाचं बियाणं टांगलेलं, शेजारी सुकटाची पिशवी, वासे धुराने काळे कुळकुळीत. "धूर गेला तर बियाण्याला कीड लागंल, वाश्याला बी." सर म्हणाले, बियाणं दुकानात मिळतं. मी गप्प बसले नाही, म्हटलं सर, हे बियाणं नाही मिळत, आणि वासेही नाही मिळत. धूर त्यांना उगाच आवडतो असं नाही, धूर त्यांच्या घरात काम करतो. ते काम काढून घेणार असू तर त्याच्या जागी काहीतरी द्यावं लागेल. मी ड्रॉइंगमध्ये पाइपच्या दोन्ही बाजूंना जाळीचा माळा टाकलाय, पाइपची ऊब लागून बियाणं कोरडं राहील. वाशांचं उत्तर माझ्याकडे तयार नाही, कडुतेलाचा हात मारायचा असं आजीच म्हणाल्या.

रिपोर्टमध्ये मी स्पष्ट लिहिलं की पंख्याची चूल या घरांना देऊ नये. चूल वाईट म्हणून नाही. कोरडे, सारखे तुकडे किंवा पेलेट (दाबून केलेल्या भुश्याच्या कांड्या) मिळत असतील, हवा खेळती असेल, चार्जिंगची खात्री असेल तर मीच ती सुचवेन. इथे तिन्ही नाही, येऊरला पावसात लाइट जाते आणि पंखा बंद पडला की ती चूल नुसता धुराचा डबा होते. धुराड्याची चूल द्या आणि गॅस भरून आणायला मदत करा, कारण लाकडाची कुठलीही चूल गॅसच्या बरोबरीला येत नाही.

आणि पहिली ओळ लिहिली होती लाकडाच्या शेडची. प्रत्येक घरामागे दोन पत्रे, चार बांबू, खाली वीतभर उंच माच, बाजू उघड्या. मे महिन्यात रचलेलं सरपण जुलैत कोरडं राहिलं तर प्रत्येक चुलीचा धूर कमी होईल, जुन्या तीन दगडांचासुद्धा. आमच्या चुलीच्या किमतीत अशा शेड किती होतील याचा हिशेबही जोडला होता. उत्तर आलं की शेड मंजूर करता येणार नाही, चूल या हेडखाली शेड बसत नाही. चिमणीचं मात्र चालेल, फक्त तिच्यावर कंपनीचा लोगो येईल का ते कळवा.

मग मी ड्रॉइंग पुन्हा उघडलं. शेडला चुलीच्याच पार्ट लिस्टमध्ये घेतलं, जाळी, वैल, टी जॉइंट, टोपी, आणि पाचवा भाग इंधन सुकवणी मांडणी. लोगो त्या पत्र्यावर मोठा दिसेल असंही कळवलंय. सोमवारी फाइल गेली आहे. ऑक्टोबरच्या आत पास झाली तर पुढच्या पावसाआधी सगळी घरं उरकतील.