दोन कातणी आणि वसईचा नाताळ

२०२४ चा नाताळ मी अहिल्यानगरच्या बाहेर साजरा केला. बासष्ट वर्षांत असे प्रथमच घडले. मुलगी वसईच्या कुपारी ख्रिस्ती कुटुंबात दिल्यापासून विहीणबाई दर नोव्हेंबरात फोन करून आग्रहाने बोलावत होत्या आणि मी दर वर्षी कधी गुडघ्याचे, कधी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कार्यक्रमाचे कारण पुढे करत होते. खरे कारण मी त्यांना कधी सांगितले नव्हते.

विहीणबाईंचे घर कॅथलिक, तर आमचे घराणे अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतले. या मिशनचे काम आमच्या गावात, तेव्हाच्या अहमदनगरात, १८३१ साली सुरू झाले आणि माझ्या पणजोबांच्या काळापासून आम्ही त्याच मंडळीत आहोत. आमचा नाताळ पहाटेच्या प्रभातफेरीने सुरू होतो. टाळ, ढोलकी, अंगावर शाली आणि नारायण वामन टिळकांची भजने, एवढ्यावर आमचा सण उभा असतो. उपासनेच्या जागी मूर्ती नाही, घरात पुतळे नाहीत. वसईकडची रोषणाई, येशूजन्माच्या गोठ्यांचे देखावे, मोठाल्या चांदण्या यांची वर्णने ऐकली की तो सगळा बाहेरचा थाट आहे आणि खरा, साधा नाताळ आमच्याकडेच आहे, असे मला मनापासून वाटत असे. ज्या घरी मुलगी दिली त्या घराच्या श्रद्धेविषयी मी इतकी वर्षे असा ग्रह बाळगला, याची मला आज लाज वाटते.

ऑगस्टमध्ये माझी आई गेली. नाताळच्या फराळाच्या करंज्या आम्ही दोघी मिळून करत असू. आता पोळपाटासमोर मी एकटीच उरले होते. "आई, या वर्षी तरी ये," असे मुलगी म्हणाली आणि मी हो म्हटले. पिशवीत अनारशांचा डबा ठेवला आणि करंज्यांच्या कडा कापायचे आईचे पितळेचे कातणे एका रुमालात गुंडाळून घेतले.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. माळशेज घाटातून एसटीने कल्याण, तिथून लोकलने दिवा आणि मग दिवा-वसई मार्गावरची गाडी. ही गाडी दिवसातून मोजक्या वेळा सुटते, त्यामुळे तिला उसळणारी गर्दी पाहून मी परत फिरण्याच्या विचारात होते. पण डब्यातल्या एका कोळी बाईने माझ्या हातातला डबा पाहिला, आपली टोपली पायाशी ओढली आणि मला बसायला जागा करून दिली. जुचंद्रनंतर खिडकीतून मिठागरे दिसू लागली तेव्हा समुद्र जवळ आल्याचे जाणवले.

विहीणबाईंचे घर निर्मळच्या बाजूला, वाडीत आहे. वाडी म्हणजे केळी, नारळ, पानवेली आणि मध्यभागी विहीर. वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या दोनशे वर्षांत इथल्या ज्या लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांच्यापैकीच हे सामवेदी ख्रिस्ती. त्यांना कुपारी म्हणतात आणि हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असे मानले जाते. घरात ते कादोडी बोलतात. विहीणबाई आपल्या नव्वदीच्या सासूबाईंशी कादोडीत बोलू लागल्या की मला निम्मे समजे आणि उरलेल्या निम्म्यासाठी मी मुलीच्या तोंडाकडे पाहत असे. सासूबाई अजूनही लाल चौकड्यांचे लुगडे नेसतात.

२३ तारखेला नेवऱ्या करायच्या होत्या. नेवरी म्हणजे आमची करंजीच, पण सारणात फरक. आम्ही देशावरचे लोक सुके खोबरे किसून, भाजून त्यात खसखस आणि पिठीसाखर घालतो. इथे दारात नारळ असल्यामुळे ओला नारळ रव्याबरोबर तुपावर परततात. "तुमची करंजी महिनाभर टिकते, आमची चार दिवसांत संपवावी लागते," असे विहीणबाई म्हणाल्या. मी रुमाल सोडून आईचे कातणे बाहेर काढले. त्यांनीही फळीवरच्या डब्यातून आपले काढले. दोन्ही पितळेची, दोन्हींना एका टोकाला चाक. मात्र आईच्या कातण्याचे दाते इतके झिजले होते की त्याने कापलेल्या कडेला नागमोड जेमतेम दिसत होती. त्यांनी ते हातात घेऊन चाक फिरवून पाहिले आणि विचारले, "किती नाताळ झाले असतील हो याचे?" आईचे लग्न १९५८ सालचे आणि कातणे लग्नातले. हिशेब मनात झाला, पण मला बोलता आले नाही. त्यांनी अधिक काही विचारले नाही. आपले कातणे डब्यात परत ठेवले आणि आईचे माझ्यापुढे सरकवले. त्या दिवसाच्या सगळ्या नेवऱ्या आम्ही आईच्याच कातण्याने कापल्या.

खरी कसोटी फुग्यांची, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोल पदार्थाची, होती. मैदा, अंडी, नारळाचे दूध, थोडे तूप, मीठ आणि साखर यांचे सैलसर पीठ भिजवायचे आणि ते ताडीने आंबवायचे. आता बहुतेक घरांत ताडीऐवजी यीस्ट घालतात, कारण चांगली ताडी मिळणे कठीण झाले आहे. पण विहीणबाईंनी एका ओळखीच्या माणसाला दोन आठवडे आधीच सांगून ठेवले होते आणि तो २३ तारखेला बाटली घेऊन आला. पीठ हाताने अर्धा तास फेसावे लागते. विहीणबाईंच्या अंगठ्याचा सांधा दुखतो, म्हणून हे काम जावयांनी केले. पातेले चादरीत गुंडाळून रात्रभर कोपऱ्यात ठेवले.

२४ तारखेला सकाळी धाकट्या दिरांनी, म्हणजे माझ्या मुलीच्या दिरांनी, चांगल्या हेतूनेच सुचवले की फुगे आता किलोवर तयार मिळतात, आईला एवढा त्रास कशाला द्यायचा. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "विकतचे आण, पाहुण्यांना वाढ. पण देवळातून आल्यावर पहिला फुगा या घरातला खायचा." मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटले. आमच्याकडेही गेल्या काही वर्षांत फराळाची ऑर्डर देणारी घरे वाढली आहेत आणि नाताळच्या सकाळी शेजाऱ्यांकडून येणाऱ्या ताटांत एकाच दुकानाची चकली सहा वेळा येते, तेव्हा मला वाईट वाटते. ज्यांना खरोखर जमत नाही त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. हात धडधाकट असूनही वेळ नाही म्हणणाऱ्यांविषयी आहे.

फुगा तळणे पाहायला सोपे वाटते. डाव्या मुठीत पीठ घ्यायचे, मूठ दाबली की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून गोळा वर येतो, तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी अलगद उचलून तेलात सोडायचा. पीठ चांगले आंबलेले असेल तर फुगा तेलात गोल फुगतो आणि एक बाजू झाली की आपणहून उलटतो. माझा एकही गोळा गोल होईना. प्रत्येकाला शेपूट राहत होते. विहीणबाईंनी माझी मूठ आपल्या हातात घेतली. "आवळू नका विहीणबाई, नुसती धरून ठेवा. पीठ स्वतः वर येतं." मुलगी वहीत प्रमाण लिहून घ्यायला बसली होती, पण विचारलेल्या प्रत्येक प्रमाणाला उत्तर "हाताला लागेल तसं" असेच मिळत होते, तेव्हा तिने वही मिटली, बाह्या सारल्या आणि कढईपाशी आली. तिचे दोन-तीन गोळे बिघडले. चौथा कढईत पडला, टम्म फुगला आणि आपणहून कुशीवर वळला. विहीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी मला जे वाटले ते लग्नात तिची पाठवणी करतानाही वाटले नव्हते. माझी मुलगी त्या घरची झाली होती आणि त्यात माझे काहीही गेले नव्हते.

रात्री मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा उपासनाविधी, होता. ख्रिस्तमंदिर आतून भरले होते आणि बाहेर अंगणातही खुर्च्या मांडल्या होत्या. संपूर्ण मिस्सा मराठीत झाला. विहीणबाईंनी नंतर सांगितले की त्यांच्या लहानपणी तो लॅटिनमध्ये होत असे. वडीलधारी माणसे अर्थ न समजताही गुडघे टेकून प्रत्येक प्रतिसाद देत असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, देवाची भाषा घरातल्या भाषेजवळ आली. प्रवचनानंतर ज्येष्ठ मंडळींत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची आठवण निघाली. जुलैमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्याविना होणारा वसईचा हा पहिलाच नाताळ होता. त्यांनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद माझ्याही घरी आहे, हे मी सांगितल्यावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजोबांनी माझे हात हातात घेतले.

घंटा वाजू लागली तेव्हा मला वाईजवळच्या मेणवलीची घंटा आठवली. वसईच्या मोहिमेनंतर इथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात गेल्या, त्यांतली एक तिथे नाना फडणवीसांच्या घाटावर आहे; तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा मी मुलांना फक्त विजयाचा इतिहास सांगितला होता. ज्या गावातून ती घंटा गेली तिथल्या नाताळच्या रात्री काय वाटले असेल, हे मी सांगितले नव्हते.

घरी परतल्यावर गोठ्यापुढे सगळे जमले. गोठ्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी सुरू केली, हे मी वाचले होते, पण घरातला गोठा मी प्रथमच जवळून पाहत होते. पंधरा दिवस आधी तबकांत नाचणी पेरून उगवलेले हिरवे गवत, वाडीतली सुकलेली केळीची पाने, मातीची मेंढरे. गव्हाण रिकामी होती. सात वर्षांच्या नातवाने दोन्ही हातांत धरून बाळ येशू आणला आणि गवतावर ठेवला. तीन राजे मात्र गोठ्यात नव्हते. ते दूर, खिडकीच्या कठड्यावर उंटांसह उभे होते. या घरात ते रोज थोडेथोडे पुढे सरकतात आणि ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोठ्यापाशी पोहोचतात.

मग विहीणबाई म्हणाल्या, "आता तुमच्या घरचं भजन होऊ दे." मी गोठ्यासमोर उभी राहून गाईन असे कोणी वर्षभरापूर्वी सांगितले असते तर मी मानले नसते. टाळ नव्हते. जावयांनी दोन वाट्यांनी ठेका धरला. आई पहाटे गायची ते भजन मी म्हटले, मधल्या एका ओळीला आवाज फुटेना, तेव्हा मुलीने ती ओळ उचलली. सासूबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. भजन संपल्यावर त्या कादोडीत काही म्हणाल्या आणि विहीणबाईंनी मला सांगितले की त्यांना ते पुन्हा ऐकायचे आहे. मी पुन्हा म्हटले. मग पहिला फुगा इंद्याल या मांसाच्या झणझणीत रश्शाबरोबर खाल्ला. रात्रीचा एक वाजून गेला होता.

२५ चा दिवस पाहुण्यांत गेला. आईच्या कातण्याने कापलेल्या नेवऱ्यांची ताटे वाडीतल्या प्रत्येक घरी, हिंदू शेजाऱ्यांकडेही, गेली. संध्याकाळी मात्र मनस्ताप झाला. रोषणाई पाहण्यासाठी दूरदूरहून मोटारी आल्या आणि वाडीतला अरुंद रस्ता दोन तास बंद पडला. गोठे पाहायला माणसे येतात याचा इथल्या लोकांना आनंदच वाटतो आणि ते अनोळखी माणसालाही नेवरी देतात. पण एक घोळका चपला घालून थेट ओसरीवर आला, गोठ्याच्या कठड्यावर बसून छायाचित्रे काढू लागला आणि नाचणीचे एक तबक त्यांच्या पायाने उलटले. क्षमा मागण्याचे कोणाला सुचले नाही. नातू रडू लागला. विहीणबाईंनी माती गोळा करून रोपे पुन्हा दाबून बसवली आणि त्याच माणसांना पाणी विचारले. मला इतके सोसता आले नसते. नाताळात वसईला जायचे असेल तर कोणाच्या तरी घरी, बोलावणे असताना जावे, आणि शक्य झाल्यास दोन दिवस आधी जाऊन स्वयंपाकघरात बसावे. मी स्वतः आमंत्रण असूनही इतकी वर्षे गेले नाही, त्यामुळे हा सल्ला देण्याचा मला कितपत अधिकार आहे, ठाऊक नाही.

२७ तारखेला निघाले. पिशवीत फुगे, केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणि रुमालात आईचे कातणे होते. उंबऱ्यावर विहीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सुक्या खोबऱ्याच्या करायच्या. मला शिकवा." तेव्हा तीन राजे खिडकीवरून उतरून टेबलाच्या कडेपर्यंत आले होते.

६ जानेवारीला रात्री नातवाचा फोन आला. राजे पोहोचले होते. एका उंटाची मान गोठ्याच्या दारात अडकत होती, म्हणून त्याला बाहेर केळीच्या पानाखाली बांधून त्याच्यापुढे नाचणीचे गवत ठेवले आहे, असे त्याने मला सविस्तर सांगितले.