वाळूच्या टेकडीमागचा अदृश्य शत्रू

दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्या १९३४ सालच्या ‘द लॉस्ट पट्रोल’ या कृष्णधवल चित्रपटाच्या आरंभीच एक गोळी सुटते आणि घोड्यावरचा अधिकारी वाळूत कोसळतो. गोळी कोणी झाडली ते दिसत नाही. मात्र खरे संकट त्या मृत्यूनंतर उभे राहते, कारण पथकाने कुठे आणि कशासाठी जायचे हे केवळ त्या अधिकाऱ्यालाच ठाऊक होते आणि त्याने ते कोणालाही सांगून ठेवलेले नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, मेसोपोटेमियाच्या म्हणजे आजच्या इराकच्या वाळवंटात वाट हरवलेल्या मूठभर ब्रिटिश घोडेस्वारांची जबाबदारी अशा रीतीने एका सार्जंटवर येऊन पडते.

त्यांना खजुराची झाडे आणि पाणी असलेले एक ठिकाण सापडते, आणि क्षणभर आपल्यालाही हायसे वाटते. सकाळ होते तेव्हा पहाऱ्यावरचा कोवळा शिपाई मरून पडलेला असतो आणि घोडे नाहीसे झालेले असतात. इथून पुढे फोर्ड यांनी जे साधले आहे, त्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो. मारेकरी जवळजवळ शेवटपर्यंत दिसत नाहीत; दिसतात त्या फक्त वाळूच्या टेकड्या. टेहळणीसाठी झाडावर चढलेला माणूस गोळी लागून खाली येतो, मदतीला आलेला वैमानिक विमान उतरवून निर्धास्तपणे चालत येत असताना हे सगळे जीव तोडून त्याला सावध करू पाहतात आणि तोही त्यांच्या डोळ्यांदेखत मारला जातो. प्रत्येक मृत्यूनंतर त्याच निश्चल टेकड्यांकडे पाहताना भीती वाढत जाते.

सार्जंटची भूमिका करणारे व्हिक्टर मॅकलॅग्लन पहिल्या महायुद्धात स्वतः ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते आणि त्यांनी बगदादमध्ये काम केले होते. त्यांच्या वागण्यात वीरश्रीचा आव नाही, माणसे वाचवता येत नाहीत याचा जडपणा आहे. धर्मवेडाने भ्रमिष्ट होत जाणारा सँडर्स साकारताना बोरिस कार्लोफ यांचा आवाज आणि हातवारे मात्र मला अतिरेकी वाटतात. मॅक्स स्टायनर यांच्या संगीताला ऑस्करचे नामांकन मिळाले होते, तरीही काही प्रसंगांत केवळ शांतता असती तर ती अधिक बोलली असती, असे माझे मत आहे.

एक उणीव मनाला खरोखर लागते. मेसोपोटेमियातील ब्रिटिश फौजेत भारतीय सैनिकांची संख्या फार मोठी होती. एप्रिल १९१६ मध्ये तिथल्याच कुत या गावी तुर्कांना शरण गेलेली ब्रिटिश भारतीय सैन्याची सहावी डिव्हिजन तर पुण्याच्या नावाने ओळखली जात असे. या गस्तीत त्यांच्यापैकी एकही नाही. ज्या अरबांच्या भूमीवर हे सगळे घडते, त्यांनाही इथे स्वतःची बाजू नाही. शत्रू अदृश्य ठेवण्याच्या युक्तीने चित्रपटाला धार दिली, आणि त्याच युक्तीने त्या माणसांचे माणूसपणही पुसून टाकले.

शेवटी सुटकेसाठी आलेल्या तुकडीचा अधिकारी सार्जंटला विचारतो, तुझी माणसे कुठे आहेत? तो काहीच बोलत नाही. तो फक्त वाळूतल्या थडग्यांकडे पाहतो, आणि त्यांवर रोवलेल्या तलवारी उन्हात चमकत राहतात.