वळचणीला लटकलेला बर्फ

माझी भाची अमेरिकेत मिनियापोलिस शहरात राहते. मला छपरांविषयी असलेली ओढ तिला लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे हिवाळा सुरू झाला की ती आपल्या घराच्या छपराची छायाचित्रे मला पाठवू लागते. डिचोलीच्या आमच्या घरावर मंगळुरी कौले आहेत आणि दर मे महिन्यात शाकारणी करून घेताना माझा एकच आग्रह असतो, तो म्हणजे पाण्याने कुठेही न रेंगाळता पाख्यावरून, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवरून, खाली उतरावे. तिच्या छपरावर मात्र पाणी आठवडेच्या आठवडे मुक्काम करते, आणि ते कसे करते हे पाहणे मला फार मोलाचे वाटते.

पहिल्या हिमवर्षावानंतर दोन्ही पाखी सारखीच पांढरी होती. पुढे काही दिवस पारा शून्याच्या वर गेलाच नाही, तरीही वळचणीला हातभर लांबीचे बर्फाचे सुळे लटकू लागले. "मामा, एवढ्या थंडीत बर्फ वितळला कसा?" हा तिचा प्रश्न अगदी योग्य होता.

ते पाणी घराच्या उबेने तयार केलेले असते. घरात वीस अंशांपर्यंत तापवलेली हवा माळ्याच्या तक्तपोशीतील फटींतून, दिव्यांच्या आणि नळांच्या भोकांतून वर जाते व छपराची फळी आतून तापवते. ताज्या हिमात बहुतांश हवाच असल्याने ते गोधडीसारखे ती ऊब धरून ठेवते. त्यामुळे हिमाचा वरचा पृष्ठभाग गोठलेलाच राहतो आणि तळचा थर वितळतो. हे पाणी हिमाखालून उतारावरून वाहत वळचणीपर्यंत येते, पण वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली उबदार खोली नसते, म्हणून तिथे ते पुन्हा गोठते. असे थरावर थर चढून काठाशी बर्फाचा बांध तयार होतो. त्या बांधामागे साचलेले पाणी छपरावरच्या डांबरी पत्र्यांखाली शिरते आणि छतावर ओलीचे डाग उमटतात. सूर्यही बर्फ वितळवतो हे खरे, त्यामुळे उष्णता कुठून गळते याचा अंदाज घ्यायचा असेल तर उत्तरेकडचे पाखे पाहावे.

शेजारच्या छपरावर हिमाचा जाड थर जसाच्या तसा होता आणि सुळा जवळपास एकही नव्हता. छायाचित्रात ते घर फिके वाटते, पण माझ्या मते बांधणीने तेच उत्तम, कारण त्याची ऊब आतच राहते. आमच्या कौलांच्या सांध्यांतून वारा आपोआप खेळतो; तिकडे मात्र छप्पर थंड राहावे म्हणून वळचणीखाली आणि आढ्यापाशी वाऱ्यासाठी मुद्दाम झरोके ठेवावे लागतात.

सध्या ती लांब दांड्याच्या फावड्याने, जमिनीवरच उभी राहून, काठाजवळचे हिम ओढून काढते. बांध कुऱ्हाडीने फोडू नकोस असे मी तिला निक्षून सांगितले आहे, कारण थंडीने ठिसूळ झालेले छपराचे आवरण त्या घावाने तडकते. माळ्यावर उष्णतारोधक थर घालण्याचे काम ती उन्हाळ्यात करून घेणार आहे. त्याआधी सगळ्या फटी बुजवून घे, एवढे मी आवर्जून कळवले, कारण थर एकदा पसरला की त्याखालच्या फटी कोणाला दिसत नाहीत.