रिमॉडेल अपडेट: आधी अप्लायन्स, मग कॅबिनेट, फरशी सगळ्यात शेवटी

मंडळी, मागच्या वेळी नुसती सँपल गोळा करणं चालू होतं, आता बरंच काही फायनल झालंय. अप्लायन्सची यादी बंद केली, कॅबिनेटचं ड्रॉइंग कारखान्यात गेलं, आणि फ्लोअरिंग परवाच ठरलं. ठरवण्याचा हा क्रम मुद्दाम असा ठेवला. बहुतेक जण फरशीपासून सुरू करतात कारण तीच सगळ्यात जास्त डोळ्यात भरते, मग कॅबिनेट, आणि ओव्हन-डिशवॉशर उरलेल्या जागेत बसवायला बघतात. बिल्ट-इन, म्हणजे कॅबिनेटच्या आत बसणारी मशिनं घेणार असाल तर उलटं जा असं मी आता ठामपणे सांगेन. प्लाय कापता येतो, ओव्हन कापता येत नाही.

ओव्हनचंच बघा. 60 सेंटीमीटरचा बिल्ट-इन ओव्हन म्हणजे आतला कप्पा रुंदीला साधारण 560 ते 568 एमएम लागतो. कॅबिनेट बाहेरून 600, दोन्ही बाजूंच्या प्लायच्या फळ्या 18-18 च्या, म्हणजे आत 564 उरतात, मस्त बसतो. पण हाच 18 चा प्लाय दोन्ही अंगांनी लॅमिनेट लावला की 20 च्या जवळ जातो, मग आत 560 उरले, म्हणजे अगदी काठावर, आणि त्यात सुताराचा एखादा एमएम इकडेतिकडे झाला की संपलं. आणि लक्झरी लुक म्हणून कोणी 25 एमएमच्या बाजू करायच्या म्हटलं तर 550, तिथे ओव्हन शिरणारच नाही. म्हणून मी प्रत्येक मशीनची इन्स्टॉलेशन शीट आधी मागवली आणि ती डिझायनरच्या ड्रॉइंगवरच चिकटवली. ब्रोशरमधली मापं बहुतेकदा मशीनची असतात, कप्प्याची मापं त्या शीटमध्ये मिळतात, हा फरक लक्षात ठेवा. अजून एक, ओव्हनचा सॉकेट ओव्हनच्या मागे घेऊ नका, मागे प्लगपुरती खोली उरत नाही, शेजारच्या कॅबिनेटमध्ये घ्या.

आता याचा फरशीशी काय संबंध, तर डिशवॉशर. स्टँडर्ड डिशवॉशरला ओट्याखाली किमान 820 एमएमच्या आसपास उंची लागते, पाय फिरवून तो वर जातो पण त्याखाली येत नाही. कॅबिनेट आधी बसवली, वर दगड ठेवला आणि नंतर पुढच्या भागात जाड फ्लोअरिंग केलं तर ती उंची कमी होते, आणि डिशवॉशर आधीच आत असेल तर फरशीच्या कडेमागे तो अडकून बसतो, रिपेअरला बाहेर काढायचा म्हणजे एकतर फरशी फोडा नाहीतर दगड उचला. त्यामुळे आमच्याकडे फरशी मशिनांच्या कप्प्यात भिंतीपर्यंत जाणार आहे, आणि सगळी मापं तयार फरशीच्या लेव्हलवरून घेतलीत. लेझर लावून ती रेघ सगळ्या भिंतींवर मारून ठेवलीय, इलेक्ट्रिशियनपासून सुतारापर्यंत सगळे त्याच रेघेवरून मोजतात.

फ्लोअरिंगमध्ये हॉल आणि बेडरूमला इंजिनिअर्ड ओक (वर खरं ओक, खाली प्लायचे थर अशा फळ्या), किचनला मॅट पोर्सेलिन टाइल, 600 बाय 1200 एमएमची. ओकचा वरचा खऱ्या लाकडाचा थर 4 एमएम आहे, म्हणजे पुढे कधीतरी तासून पुन्हा फिनिश करता येईल, स्वस्तातल्या फळ्यांना हा थर इतका पातळ असतो की एकदा तासला तरी खालचा प्लाय दिसेल. आडवेउभे थर एकमेकांवर असल्यामुळे ती सॉलिड लाकडापेक्षा कमी फुगते, पण फुगते, त्यामुळे भिंतीलगत साधारण 10 एमएमची गॅप हवीच, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ग्लॉसी ऐवजी ब्रश केलेलं मॅट घेतलं, ओरखडे कमी दिसतात आणि पायाला लाकूड लाकडासारखं लागतं.

मार्बल मला मनापासून आवडतो, पण किचनला नको. पॉलिश केलेल्या सँपलवर व्हिनेगरचा थेंब रात्रभर ठेवला, सकाळी पुसला तेव्हा समोरून काहीच दिसेना, मग टॉर्च आडवा धरला तर थेंबाच्या आकाराचं मंद गोल वर्तुळ, तिथली झिलईच गेलेली. हा डाग नव्हे, मार्बल म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्लाने त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो, सीलर लावला तरी हे थांबत नाही कारण सीलरचं काम फक्त द्रव आत मुरू न देणं. त्यात मार्बलमधल्या या खनिजाची, कॅल्साइटची, कठिणता मोहस् स्केलवर 3 आणि चपलेबरोबर येणाऱ्या वाळूतल्या क्वार्ट्झची 7, म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटेवर पॉलिश जाणारच. गेस्ट बाथरूमच्या भिंतीला मात्र तोच मार्बल लावतोय, तिथे तो खुलेल.

पोर्सेलिन लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लांब टाइल मधोमध किंचित उचललेली असते, म्हणून विटांसारखा अर्धा-अर्धा जोड देऊ नका, एकीचा उंच भाग दुसरीच्या टोकाला येतो आणि कडा वरखाली लागतात. एक तृतीयांश जोड द्या किंवा सरळ रेषेत लावा.

कॅबिनेटचा कारकस, म्हणजे मुख्य खोका, बॉइलिंग वॉटर प्रूफ प्लायचा, शटर म्हणजे दारं एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) पेंट. एमडीएफ का असं बरेच जण विचारतात, तर पेंटला तेवढा गुळगुळीत आणि एकसारखा पृष्ठभाग प्लायमध्ये मिळत नाही, फक्त त्याच्या कडांना पाणी लागता कामा नये, म्हणून सिंकखालच्या युनिटला प्लायचंच शटर घेतलं. आणि कारकसच्या कडांच्या पट्ट्या कुठल्या गोंदाने चिकटवणार ते कारखान्याला विचाराच, साधा ईव्हीए गोंद उष्णतेने मऊ पडतो, पीयूआर गोंद उष्णता आणि पाणी दोन्ही सहन करतो, ओव्हन आणि डिशवॉशरच्या शेजारी हा फरक फार मोठा आहे.

आयलंड (मधला सुटा ओटा) आणि भिंतीकडच्या ओट्यामध्ये 1200 एमएम ठेवलेत. डिशवॉशरचं दार उघडलं की जवळजवळ 600 बाहेर येतं, उरलेल्यातून माणूस जायला हवा. 1926 मध्ये ऑस्ट्रियन आर्किटेक्ट मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी जे किचन डिझाइन केलं त्यात बाईची पावलं मोजून जागा ठरवल्या होत्या, ते वाचल्यापासून मी आमच्या प्लॅनवरही फ्रिज-सिंक-शेगडीची पावलं मोजली, आणि फ्रिज दुसऱ्या भिंतीवरून या बाजूला आणला. पॅनेलवाला, म्हणजे कॅबिनेटसारखं दार लावलेला फ्रिज आहे, खालून हवा आत आणि वरून बाहेर जायला जाळी सोडलीय, ती सुंदर दिसण्यासाठी बंद करू नका, कॉम्प्रेसरचा दम निघतो.

इंडक्शन चार झोनचं, पूर्ण लोड 7.4 किलोवॅट, 230 व्होल्टला 32 अँपिअर, म्हणून थेट घराच्या मुख्य इलेक्ट्रिक पॅनेलवरून वेगळी लाइन ओढली. हे भिंती बंद व्हायच्या आधी झालं पाहिजे.

काउंटरला क्वार्टझाइट हा नैसर्गिक दगड घेतलाय. इंजिनिअर्ड स्टोन (क्वार्ट्झचा चुरा आणि रेझिनपासून बनवलेला दगड) माझ्या यादीत होता, पण तो कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो, ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली, ते कळल्यावर मन वळेना. नैसर्गिक दगडातही सिलिका असतेच, त्यामुळे फॅब्रिकेटर पाणी सोडून कापतो का आणि कारागीर मास्क लावतात का हे स्वतः जाऊन बघून आलो, मगच ऑर्डर दिली.

आता राहिलंय चिमणीचं. डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारा पाइप, 150 एमएमचा हवा आणि मध्ये एक बीम येतोय, मिस्त्री म्हणतो तेवढ्यापुरता 100 चा पाइप टाकू, पण 150 वरून 100 वर आलं की पाइपचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होतं, हवा कमी ओढली जाणार आणि आवाज वाढणार. त्यामुळे बीमखालून चपटा आयताकृती डक्ट न्यायचा, तेवढ्याच क्षेत्रफळाचा, आणि तो झाकायला वरचं कॅबिनेट थोडं खाली उतरवायचं, असं सध्या चाललंय. ओकची खोकी हॉलमध्ये आडवी पडलीत, घरातल्या दमटपणाशी लाकूड जुळवून घेतंय, चिमणीचं ड्रॉइंग सुटलं की फ्लोअरिंग सुरू.