आर्शिवाद

सकाळी व्हॉट्सॲप उघडलं की पहिले दहा मेसेज मी वाचत नाही, त्यातलं शुद्धलेखन तपासतो. हार्दीक, शुभेच्या, महत्व, उज्वल. सवय लागलीये, काय करणार. बायको म्हणते तुला वाढदिवसाचा केक दिला तरी आधी त्याच्यावरचं नाव वाचशील, आणि खोटं कशाला बोलू, वाचतोच.

ही खोड लागली कॉलेजात असताना. दोन वर्षं एका डीटीपी-फ्लेक्सच्या दुकानात कामाला होतो, संध्याकाळी पाच ते दहा. तेव्हा युनिकोड वगैरे नव्हतं आमच्याकडे, टाइपरायटरवाला रेमिंग्टन कीबोर्ड, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची आणि रफार अक्षर झाल्यावर वरून टाकायचा, कुठेही टाका, कॉम्प्युटर काही बोलत नाही. एकदा एका वाढदिवसाचा दहा बाय आठचा फ्लेक्स होता, मी ‘आशीर्वाद’ टाइप केलं, प्रिंट झाला, माणूस घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत. चुकलंय म्हणाला. मी म्हटलं दादा, र हा व च्या आधी येतो ना, आ-शी-र्-वा-द, म्हणून रफार वा वर. तर म्हणाला, “अख्ख्या गावात आर्शिवाद लिवलंय, तू एकटाच शाणा का?” मी मालकाकडे बघितलं. मालक म्हणाले, “ए, दे की करून. पैसे फ्लेक्सचे देतोय, शुद्धलेखनाचे नाय.” मग मी माझ्या हातानं रफार उचलून शि वर ठेवला, वेलांटीपण पहिली केली, आणि रात्री तो चौकात लागला. पुढचा महिनाभर कॉलेजला जाताना मान खाली घालून जायचो. लिहिलंय तसं वाचून बघा ना एकदा मोठ्यानं, आर-शिवाद.

आता कोणाला काही सांगितलं की ठरलेलं उत्तर, समजलं ना, मग बास. बरं, बऱ्याचदा समजतंच, मान्य. पण ८ मार्चला ‘महिला दीन’च्या शुभेच्छा येतात ना तेव्हा मला खरंच कळत नाही हसू का काय करू. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा. तेच २७ फेब्रुवारीला, ‘मराठी भाषा गौरव दीन’. आणि आचार्यांना नमस्कार केला तर गुरूंना होतो, आचाऱ्यांना केला तर स्वयंपाक करणाऱ्याला. (त्यालाही करावा, जेवण चांगलं असेल तर.) गंमत म्हणजे ‘शुद्ध’ हा शब्दच निम्मे लोक ‘शुध्द’ लिहितात. द ला ध जोडायचा असतो, उलटं नाही.

पण मग नियम सोपे आहेत का, तर अजिबात नाहीत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ ला वाढवलेले चार, असे अठरा. नांव, कांही असल्या शब्दांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांनीच काढले, फार उपकार झाले. शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून कवी, गुरू, तेही ठीक, ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ असले मोजके अपवाद. पुढे मात्र अवघडच. फूल दीर्घ पण फुलाचा ऱ्हस्व, विहीर दीर्घ पण विहिरीत ऱ्हस्व, आणि हे जमतंय असं वाटायला लागलं की विष नि गुण, ते ऱ्हस्वच, का तर संस्कृतातून जसेच्या तसे आलेत. आता ज्या पोराच्या घरात संस्कृतचा स सुद्धा कोणी काढला नाही त्यानं कुठला शब्द कुठून आला हे कसं ओळखायचं? पाठच करायचं. म्हणून ‘शुद्धलेखन’ऐवजी ‘प्रमाणलेखन’ म्हणा असं जे म्हणतात ते मला पटतं. शुद्ध म्हटलं की बाकीचे सगळे आपोआप अशुद्ध होतात, सोवळ्यातल्यासारखे.

कीबोर्डची चूक तर मी धरतच नाही. ‘दुसऱ्या’तला तो ऱ्य काढायला नुक्तेवाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ लागतो, तो फोनवर कुठेतरी आत लपलेला असतो, सापडला नाही की माणूस ‘दुसर्या’ लिहून मोकळा होतो. पण जो पैसे घेऊन छापतो, बातमी लिहितो, पाटी रंगवतो, त्याला नाही सोडत मी. तिथे एक माणूस वाचायला बसवायला काय जातं?

घरच्या ग्रुपवर मात्र कानाला खडा. एकदा लांबच्या एका काकांच्या निधनाचा मेसेज आला, खाली सगळ्यांचं ‘भावपुर्ण श्रध्दांजली’, एकानं कॉपी केलं की पुढचे वीस तसेच, आणि मी शहाण्यानं ‘भावपूर्ण श्रद्धांजली असं हवं’ म्हणून टाकलं. दोन मिनिटांत डिलीट केलं, पण मेसेज डिलीट केल्याचं दिसतंच ना तिथे. दहाव्याला काकू माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि आई. आई सातवीपर्यंत शिकली, साठीत फोनवर टाइप करायला लागली, बोलते तसंच लिहिते. काल लिहिलं होतं, “पानी आलं न्हाई आजुन, टाकी रिकामी हाय, तू जेवला का”. ह्यातलं एक अक्षर मी बदलणार नाही. नियमात बसवायचंच असेल तर त्या अठरांमध्ये एक नियम आहे, केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मूळ जसं असेल तसंच ठेवायचं. आईला मी त्यात धरलंय. उत्तर लिहिलं, “जेवलो, टँकर सांगतो”. तिचं लगेच आलं, “टयांकर नको म्हाग आस्तो”.