शहाळं ७०, टॅक्सी १५०

दादाच्या धाकट्या पोरीला ब्लड कॅन्सर निघाला त्याला आता सात महिने होतील. सगळे एकच विचारतात, औषधाला किती गेले ओ? आणि दादा खरं सांगतो की औषधाला तसं कमीच गेलं, तर कुणाला पटत नाही. केशरी रेशनकार्ड आहे, सरकारच्या महात्मा फुले योजनेत केस बसली, मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला जनरलमध्ये, म्हणजे कमी दराच्या वर्गात, फाईल निघाली. पण रोग सापडायच्या आधीच चाळीस हजार उडालेले, इथंच सोलापुरात एका खाजगी दवाखान्यात टायफॉइड टायफॉइड म्हणत बारा दिवस सलाईन लावलं त्यात. ते कुठल्या योजनेत बसवायचं?

खरी गळती बाकीच्यात आहे. दादा यंत्रमागावर, पगार आठवड्याला, त्यालाच हप्ता म्हणायचं, माग चालवला तर पैसे. वहिनी विड्या वळते. दोघं परळला, म्हणजे दोन्ही पगार बंद. रेल्वेत पोरीला स्लीपर फुकट, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, दुसऱ्यानं फुल तिकीट काढायचं. किमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट खाली गेला की गर्दीत न्यायचं नाही, इन्फेक्शनची भीती, मग बस नको लोकल नको, टॅक्सीच.

वहिनी पोरीच्या जुन्या वहीत हिशोब लिहिते, पाढ्यांच्या मागच्या पानावर. टॅक्सी १५०, शहाळं ७०, झेरॉक्स १२, टॅक्सी १५०, अंडी ४२... स्वतःच्या जेवणाची एक ओळ नाही. विचारलं तर म्हणे, "आम्हाला काय लागतंय, कडक भाकऱ्या नेलतो की." आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी, जी आपण पाहुण्यांना कौतुकानं बांधून देतो, त्यावर दोघांनी पंधरा दिवस काढले.

आणि हे दोन-अडीच वर्षं चालणार. रिपोर्टमध्ये आता कॅन्सर दिसत नाही, पोरगी अंगणात पळती, म्हणून नातेवाईक म्हणायलेत बरी झाली की, कशाला हेलपाटे. डॉक्टरांनी बजावलंय, मध्येच सोडलं तर उलटू शकतो. दादा ऐकतो दोघांचं पण, गप्प बसतो, वहिनीचं गंठण बँकेत तारण आहे ना. मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटती.

सोमवारी रात्री परत मुंबईची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. यावेळी दादा नाही जाणार, मागावरचा हप्ता बुडतोय, वहिनी एकटीच पोरीला घेऊन निघणार. आज दुपारी मी आणि आई भाकऱ्या थापायला बसणारे.